कॅमेरे किती?

"कॅमेरे किती?" दुकानदारानं विचारलं.

लॅमिंग्टन रोडवरचं दुकान. दुकान कसलं, दोन दुकानांमधल्या फटीला शटर लावलं होतं. मी नुकतंच, आयुष्यभर हेच करत आल्यासारख्या आवाजात, "सोळा टीबीची हार्ड डिस्क दाखवा, एंटरप्राइजवाली" असं म्हणून काउंटरवर कोपर टेकवलं होतं.

"कॅमेरे नाहीत," मी म्हणालो.

"मग ऑफिस आहे?"

"नाही. घरी लावायचीय."

"घरी एडिटिंगचं काम चालतं? लग्नाच्या ऑर्डरी?"

"नाही हो. फोटो आहेत. घरचे."

त्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. भांड्यांच्या दुकानात एखादा इसम आचाऱ्याचं दोनशे पानांचं पातेलं मागायला लागला आणि "घरी माणसं किती?" या प्रश्नाला "तिघं" म्हणाला, तर भांडीवाला जसा बघेल तसं त्यानं माझ्याकडे बघितलं.

"सोळा?"

"सोळा."

"फोटो?"

"आणि व्हिडिओ," मी घाईघाईनं भर घातली. त्यानं प्रकरण सावरेल असं मला का वाटलं कोण जाणे.

यात माझा दोष नाही, दोष घराला माळा नसण्याचा आहे. मी वाढलो गिरगावातल्या चाळीत. दोन खोल्या आणि त्यावर माळा. माळ्यावर पाळणा, कंदील, काड्या मोडलेली छत्री, तळ गेलेला हंडा आणि या सगळ्यांना लागू पडणारं एक वाक्य असायचं: "असू दे, लागेल कधीतरी." डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये इंटीरियरवाल्यानं वरचे सगळे कोनाडे पीओपीनं बुजवून टाकले आणि त्यात दिवे बसवले. माळा गेला, वाक्य राहिलं. त्या वाक्याला राहायला जागा हवी होती, ती फोननं दिली.

बरेच दिवस सगळं फुकट होतं. गूगलच्या कृपेनं हवे तेवढे फोटो वर ढगात जाऊन बसत होते. १ जून २०२१ पासून नव्या फोटोंची मोजदाद पंधरा जीबीच्या हिशेबात सुरू झाली आणि फुकट ते पौष्टिक असे दिवस संपले. बाकीचा ऐवज घरातल्या पाच छोट्या डिस्कांवर पांगलेला होता. त्यातली एक बायकोच्या शिवणाच्या डब्यात सापडली. प्रत्येक डिस्कवर "जुन्या डिस्कचा बॅकअप" नावाचं फोल्डर, त्याच्या आत "बॅकअप जुना", त्याच्या आत "न्यू फोल्डर (३)". स्वयंपाकघराच्या दारामागं पिशव्यांची एक पिशवी टांगलेली असते ना, तसलाच प्रकार. एकूण भरलं ३.८ टीबी. त्यात आमची एकच महाबळेश्वरची सहल अकरा वेळा होती.

"मग दहा सहली काढून टाका की," बायको म्हणाली.

ही सूचना इतकी सरळ होती की मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. अकरातली कोणती ठेवायची हे ठरवायला अकराही बघाव्या लागल्या असत्या. त्यापेक्षा मोठी डिस्क घेणं सोपं.

माझा भाचा ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये काम करतो. त्याला फोन केला.

"मामा, घरगुती मॉडेल घेऊ नकोस. घ्यायचीच तर एंटरप्राइज घे. आमच्याकडं तीच असते. चोवीस तास, बाराही महिने फिरते. वर्षाला साडेपाचशे टीबीची ये-जा झाली तरी कंपनी कुरकुर करत नाही."

माझी ये-जा म्हणजे वर्षातून एकदा गणपतीचे फोटो टाकायचे आणि गेल्या वर्षीचे बघायचे नाहीत. पण "साडेपाचशे" ऐकून बरं वाटलं. आपण भले दुसऱ्या गिअरच्या पुढं जात नसू, गाडीला घाट चढता आला पाहिजे.

रात्री कंपनीचं माहितीपत्रक वाचलं. त्यात लिहिलं होतं, दोन बिघाडांमधला सरासरी काळ २५ लाख तास. मी कॅल्क्युलेटर घेतला. २८५ वर्षं! ही गोष्ट २०२५ ची. तिथून २८५ वर्षं मागं गेलं की १७४० येतं, म्हणजे थोरले बाजीराव रावेरखेडीला गेले ते साल. त्या दिवशी कुणी ही डिस्क चालू करून ठेवली असती, तर उरलेली पेशवाई, सगळा इंग्रज अंमल आणि संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पाहून ती आता कुठं जरा कुरकुरायला लागली असती. त्याच माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत हमी लिहिली होती: पाच वर्षं. स्थळ सांगताना मध्यस्थ मुलाबद्दल जे बोलतो आणि याद्यांवर सही करताना मुलाचा बाप जे कबूल करतो, त्यांच्यात एवढंच अंतर असतं.

"मामा, तो आकडा एका डिस्कचा नसतो," भाच्यानं समजावलं. "हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर सत्त्याऐंशी लाख साठ हजार तास होतात. भाग पंचवीस लाखांनी. म्हणजे हजारात वर्षाला साडेतीन जायच्या."

साडेतीन! इथं मी विरघळलो. साडेतीन मुहूर्त, साडेतीन पीठं, साडेतीन शहाणे ज्या भाषेत आहेत, त्या भाषेच्या माणसाला हा आकडा परका वाटणं शक्य नव्हतं. ऐरोलीत साडेतीन गेल्या तर भाच्याचा साहेब रजिस्टरमध्ये नोंद करतो. माझी मात्र हजारात एकच होती, आणि ती साडेतिनांत निघाली तर नोंद करायलाही जागा उरणार नव्हती. एवढा विचार मी त्या रात्री केला नाही. मुहूर्त मात्र साडेतिनांतलाच काढला: अक्षय्य तृतीया. आईसमोर "टीबी" हा शब्द काढायची सोय नाही. तिच्या लहानपणी त्या शब्दासाठी माणसाला मिरजेला नाही तर पाचगणीला धाडत. त्यामुळं ज्या दिवसाला क्षय नाही त्या दिवशी सोळा टीबी घरात आणणार आहे, हे मी तिला सांगितलं नाही.

तर दुकान. फोटोंचा धक्का ओसरल्यावर दुकानदार कामाला लागला. त्यानं दोन डिस्क मांडल्या. एक स्वस्त, एक महाग.

"ही एसएमआर. ही सीएमआर."

मी भाच्याकडून शिकून गेलो होतो, तरी चेहऱ्यावर आलं असावं, कारण त्यानं डाव्या तळहातावर उजवा तळहात अर्धवट चढवून दाखवला. मला एकदम कोकणातलं आजोळ दिसलं. एसएमआर म्हणजे कौलारू घर. माहितीच्या रेघा एकमेकींवर थोड्या थोड्या चढवून बसवतात, म्हणून तेवढ्याच जागेत जास्त मावतात. पण मधलं एक कौल फुटलं तर? मामा शिडी लावून वर चढायचा आणि एका कौलासाठी वरच्या ओळीतली दहा कौलं उतरवून पुन्हा लावायचा. या डिस्कचंही तसंच. मधलं एक अक्षर बदलायचं तर पुढच्या रेघाही उचलून पुन्हा लिहाव्या लागतात. एकदा लिहून ठेवलं, पुन्हा हात लावला नाही, तर काही बिघडत नाही. चार डिस्क एकत्र जोडून त्यातली एक बदलायची वेळ आली की मात्र दर तासाला शाकारणी. सीएमआर म्हणजे स्लॅब.

"स्लॅबच द्या," मी म्हणालो. त्याला कळलं नाही, पण त्यानं दिली.

तेवढ्यात शेजारच्या गाळ्यातला एक तरुण, अत्तर दाखवावं तसा मनगट पुढं करून, निम्म्या भावातली सोळा टीबी दाखवून गेला. तिच्या पाठीवर एसएएस लिहिलेलं होतं. ही जात सर्व्हरसाठीची. घरच्या कॉम्प्युटरच्या वायरीला तिचं तोंड लागतच नाही, मधल्या खाचेची जागा भरलेली असते. त्यानं आणखी एक काढली, "ओपन बॉक्स, जवळपास नवीच." या "जवळपास"ची मला धास्ती होती. २०२१ साली चिया नावाच्या आभासी चलनासाठी लोकांनी हार्ड डिस्कांची रास लावली होती, आणि तो ताप उतरल्यावर त्या राशी कुठं ना कुठं जाणारच होत्या. २०२५ च्या सुरुवातीला युरोपात नव्या म्हणून घेतलेल्या बऱ्याच डिस्क हजारो तास फिरलेल्या निघाल्या. जुन्या गाडीचा काटा मागं फिरवतात तसे चाललेले तास पुसून शून्य केले होते. गंमत अशी की डिस्क स्वतःपाशी दुसरीही एक रोजनिशी ठेवते. ती पुसायची कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि तिनं सगळं सांगून टाकलं. सासूसमोर एक आणि शेजारणीपाशी एक हिशेब ठेवणाऱ्या सुनेचं कौतुक मला त्या दिवसापासून जास्त वाटतं.

मी नवी, सीलबंद घेतली. हातात घेतली तर पाऊण किलोच्या आसपास. आत हेलियम भरलेला. फुग्यातला तोच. तो हवेच्या सातव्या हिश्श्याइतका हलका, म्हणून चकत्यांना फिरताना अडथळा कमी होतो. त्यामुळं चकत्या पातळ करून तेवढ्याच डबीत जास्त बसवता येतात. २०१३ पासून ही युक्ती बाजारात आहे. फुग्यातला गॅस भरूनही ती वर जायला बघत नव्हती. वर गेली होती ती किंमत. त्या पैशात घरातला सतरा वर्षांचा फ्रिज बदलून झाला असता, हे वाक्य मी लिहितोय, कारण ते मला त्यानंतर बऱ्याचदा ऐकावं लागलं आहे.

ग्रँट रोडला स्लो पकडायची, दादरला पूल ओलांडून सेंट्रलला यायचं आणि संध्याकाळी सहा चाळीसच्या गर्दीत डोंबिवली गाठायचं. बंद असताना ही डिस्क बऱ्यापैकी धक्के सोसते असं माहितीपत्रकात होतं. ते लिहिणारा कधी दादरला चढला नसावा. मी खोकं छातीशी धरलं, वर हात आडवा. एका काकांनी चौकशी केली, "औषध आहे का? थंड ठेवायचं?" मी मान हलवली. त्यांनी मला खिडकीपासची दीड वीत जागा करून दिली आणि घाटकोपरपर्यंत माझ्या वतीनं दोघांना ओरडले. इतका आदर मला या गाडीत पूर्वी फक्त पाय मोडला होता तेव्हा मिळाला होता.

घरी आल्यावर आईनं खोक्यासमोर उदबत्ती ओवाळली. मुलाचा जुना कॉम्प्युटर टेबलाखाली होता, त्यात डिस्क बसवली, बटण दाबलं.

शांतता.

पुन्हा दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, डिस्क ढिम्म. हात लावून बघितला, कसलीही थरथर नाही. २८५ वर्षांतलं पहिलं मिनिटही तिला काढवेना.

भाच्यानं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि तो हसायला लागला. मोठ्या डेटा सेंटरमध्ये हजारो डिस्क असतात, त्यातली एखादी अडली तर लांबूनच तिचा वीजपुरवठा तोडून पुन्हा देता यावा, म्हणून या डिस्कांच्या तिसऱ्या पिनेवर तशी सोय केलेली असते. त्या पिनेला वीज मिळाली की डिस्क समजते, साहेबांनी "थांब" म्हटलंय. जुन्या कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय नेमकी त्याच पिनेला ३.३ व्होल्ट देत बसतो. म्हणजे बिचारी बिघडलेली नव्हती. फार आज्ञाधारक होती.

"मग आता?"

"चिकटपट्टी लाव, मामा."

"काय?"

"तिसऱ्या पिनेवर. साधी नको, उष्णता सोसणारी. मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं मधाच्या रंगाची मिळेल."

स्टेशनजवळच्या मोबाइलवाल्यानं वीतभर पट्टी फुकट दिली. ती पिन म्हणजे जेमतेम मिलिमीटरभर रुंदीची सोनेरी रेघ. चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर, चष्मा हातात, असे तिन्ही प्रकार करून मी पाच तुकडे वाया घालवले. एक चौथ्या पिनेवर बसला, एक माझ्या अंगठ्यावर, बाकीचे सापडले नाहीत. बायको कणीक मळत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले, भुवयांचा चिमटा आणला, नखं कापायच्या बारक्या कात्रीनं तांदळाच्या कणीएवढा तुकडा कापला, श्वास रोखला आणि एकदाच टेकवला. मग करंगळीच्या नखानं वरून दाबला.

"हं. लावा."

डिस्क घरघरली. बायको कणकेकडे परतली. तिच्या कपाळावर पिठाचं एक बोट उमटलं होतं. साडेपाचशे टीबी पेलणारं ते यंत्र आजही त्या कणीच्या जोरावर चालू आहे.

आता स्क्रीनवर बघतो तर १४.५५. सोळा आणले, साडेचौदा उतरले. मी दुकानदाराला फोन लावणार, एवढ्यात भाच्यानं थांबवलं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. दोघंही प्रामाणिक. जुन्या माणसांना कच्चा शेर आणि पक्का शेर माहीत आहेत, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तरी दीड टीबी गेल्याची हळहळ वाटली. मग मनाची समजूत म्हणून मी १९५६ चा विचार केला. त्या साली आयबीएमनं पहिली हार्ड डिस्क आणली. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास चकत्या, वजन टनभर, आणि मावायची जेमतेम पावणेचार एमबी. आमच्या भाचीच्या बारशाचा एक फोटोही तिच्यात धड मावला नसता.

नकलायला रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार गेली. आणि त्या रात्री आई उठून बसली.

"माळ्यावर उंदीर आहे."

"आई, आपल्याला माळा नाही."

"मग टेबलाखाली आहे."

या जातीच्या डिस्क आवाज न करण्याबद्दल प्रसिद्ध नाहीत. डेटा सेंटरमध्ये त्यांच्या शेजारी झोपायला कुणी जात नाही. काम असलं की कुरतडल्यासारखं खडखड करतात. काम नसलं तरी थोड्या थोड्या वेळानं एक "टक्" करतात, रात्रीच्या गुरख्यानं काठी आपटावी तसं. आतल्या चकत्या मिनिटाला ७२०० वेळा फिरतात. कडेचा वेग काढला तर ताशी सव्वाशे किलोमीटरच्या वर जातो. एक्स्प्रेस-वेवर मोटारीला शंभरची मर्यादा आहे. आणि वाचणारं टोक या वेगानं फिरणाऱ्या चकतीवरून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं.

म्हणून त्यांना हादरे सोसत नाहीत. सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस एक व्हिडिओ टाकला होता. त्यात ते डिस्कांच्या मांडणीसमोर उभे राहून जिवाच्या आकांतानं ओरडतात आणि पडद्यावरच्या आलेखात डिस्कांचं काम त्या क्षणापुरतं अडखळलेलं दिसतं. मी तो तीनदा पाहिला. एंटरप्राइज डिस्कमध्ये हादरे ओळखून सावरणारी यंत्रणा असते ती यासाठीच. पण ती शेजारच्या डिस्कांचे हादरे धरून बेतलेली. आमच्या स्वयंपाकघरात कुकर आहे, चटणीचा मिक्सर आहे आणि ऑगस्टपासून मागच्या मैदानावर चाळीस ढोल आणि दहा ताशे यांचा सराव आहे. त्या दिवसांत मी डिस्कखाली सोफ्याचा फोम घातला. आईनं तिला थंडी वाजू नये म्हणून वरून टॉवेल घातला. तासाभरात तापमान बावन्नवर गेलं आणि टॉवेल काढण्यावरून दोन दिवस अबोला झाला.

मग भाचा गणपतीला आला. आरती झाली, मोदक झाले, आणि त्यानं सहज विचारलं, "दुसरी कॉपी कुठंय?"

"दुसरी कसली? सगळं एका जागी आणायला तर ही घेतली!"

त्याचा मोदक हातातच राहिला. मग त्यानं मला तीन-दोन-एकचा नियम सांगितला: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मी पाच डिस्कांवर विखुरलेला ऐवज एका डिस्कवर आणून स्वतःला सुरक्षित समजत होतो. सगळे दागिने एका लॉकरमध्ये ठेवून त्या लॉकरची किल्लीही त्याच लॉकरमध्ये ठेवल्यासारखं होतं ते.

"आणि दोन डिस्क जोडून रेड केलं म्हणजे बॅकअप झाला असं समजू नकोस. चुकून पुसलंस तर दोन्हीकडून पुसलं जाईल."

हे रेड प्रकरण बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या त्रयीच्या १९८८ च्या निबंधातलं. रेडच्या इंग्रजी स्पेलिंगमधलं "आय" हे अक्षर मुळात "स्वस्त" या अर्थाच्या इंग्रजी शब्दासाठी होतं. स्वस्त डिस्क पुष्कळ जोडा आणि महागड्या एकीचं काम करून घ्या, असा तो विचार. पुढं त्या "आय"चा अर्थ "स्वतंत्र" असा करण्यात आला. डिस्क विकणाऱ्यांना "स्वस्त" हा शब्द फार काळ सोसला नसावा, असा आपला माझा अंदाज.

तर पुन्हा लॅमिंग्टन रोड. तोच दुकानदार. तो मला विसरला असेल अशी माझी आशा होती.

"या साहेब! अजून एक?"

"अजून एक."

त्याच्या ओठांवर "फोटो?" आलेला मला स्पष्ट दिसला. मागं तीन गिऱ्हाइकं उभी होती. माझं काय झालं ते मला अजून कळलेलं नाही.

"कॅमेरे बसवतोय," मी म्हणालो. "सोसायटीत."

त्याचा चेहरा उजळला. इतके दिवस अडलेलं गणित सुटलं होतं. किती कॅमेरे, कुठल्या कंपनीचे, वायर किती मीटर, या प्रश्नांना मी खोटी उत्तरं देत गेलो. दहाव्या मिनिटाला एक कॅमेरा "नमुना म्हणून बघा, उद्या बाकीचे पाठवतो" असं म्हणून त्यानं बिलात धरला, तेव्हा नाही म्हणायची सोय मी स्वतःच बंद करून टाकलेली होती.

दुसरी डिस्क आता कॉपी घेऊन बदलापूरला मेहुण्याच्या कपाटात आहे. कॅमेरा आमच्या दाराबाहेर आहे. तो रोज वीसेक जीबी कॉरिडॉर पहिल्या डिस्कवर टाकतो. जिना, मीटरची पेटी, समोरच्यांचं पायपुसणं. संध्याकाळी दिवा लावून झाला की आई टीव्हीवर दिवसभराचा कॉरिडॉर लावून बसते. आजचा दूधवाला सात मिनिटं उशिरा आला. तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीला सोडायला येणारा मुलगा तोच आहे, फक्त त्यानं दाढी वाढवलीय. मांजर पायपुसण्यावर बसायला लागल्याला आता महिना झाला.

परवा मी जुना एक महिना पुसायला घेतला.

"काय करतोयस?"

"आई, हा गेल्या महिन्याचा आहे. यात काही नाही."

"किती जागा शिल्लक आहे?"

"दहा टीबी," मी बोलून गेलो.

तिनं त्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही. टीव्हीवर मांजर जिन्यातून वर येत होतं.

"मग असू दे की," ती म्हणाली. "लागेल कधीतरी."